मोजमापाला गेल्यावर घरच्यांशी किती बोलावं?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं आखडून:

"ताई, मी सिव्हिल इंजिनिअर आहे, वय २६. साताऱ्यात एका व्हॅल्युअर म्हणजे मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या सरांकडे साइट व्हिजिटचं काम करते. बँकेकडून गृहकर्जाची केस आली की घर बघायचं, मापं घ्यायची, फोटो काढायचे, कागदपत्रांशी ताडून सरांना कच्चा अहवाल द्यायचा. मी मुळात बोलकी. मागे एका रीसेलच्या फ्लॅटवर गेले होते. विकणारे काका-काकू आणि घेणारं जोडपं, सगळेच हजर होते. मी सहज बोलून गेले, 'घर छान ठेवलंय हो, आणि हा भागही आता चांगलाच वाढलाय.' व्यवहार ६० लाखांना ठरला होता, आमच्याकडून मूल्य ५४ लाख गेलं. घेणाऱ्या दादांनी फोन करून सुनावलं, 'तोंडावर गोड बोललात आणि मागून गळा कापलात.' तेव्हापासून सरांचा हुकूम आहे की साइटवर तोंड उघडायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. मी तसंच वागतेय. पण परवा एका आजींनी विचारलं, 'बाई, घर बघायला आलीस की झडती घ्यायला?' ते फार लागलं. मोकळं वागावं तरी किती?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या सरांची काळजी खरी आहे. साइटवर आकड्याबद्दल अवाक्षर निघू नये, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठी त्यांनी काढलेला उपाय मात्र मला पटत नाही. मुक्यानं घरभर टेप लावत फिरणाऱ्या बाईची लोकांना भीती वाटते आणि घाबरलेली माणसं कपाटामागची ओल दाखवत नाहीत. म्हणजे आजींना वाईट वाटलं ते वाटलंच, वर तुझी पाहणीही कच्ची राहिली.

आधी त्या दादांचा राग नीट समजून घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्याच्या वर ७५ टक्के. ते ६० लाख धरून चालले होते, म्हणजे त्यांच्या हिशेबात ४८ लाखांचं कर्ज होतं. बँका साधारणपणे करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतला कमी आकडा धरतात. ५४ लाखांचे ८० टक्के म्हणजे ४३ लाख २० हजार. तुमचा अहवाल बँकेत पोचला आणि या माणसाला ४ लाख ८० हजार कमी पडले. इसार बहुधा देऊन झालेला, मुद्रांक शुल्काचे पैसे वेगळे काढून ठेवलेले, आणि उरलेली रक्कम कुणाकडे मागायची हा प्रश्न. अशा वेळी व्हिजिटचा तो अर्धा तास माणूस डोक्यात पुन्हा पुन्हा घोळवतो. त्यात त्याला तुझं एकच वाक्य सापडलं. तुझ्यासाठी ते सौजन्य होतं, त्यानं ते आश्वासन म्हणून जपून ठेवलं होतं.

आणि त्याच खोलीत विकणारे काका-काकूही होते, हे विसरू नकोस. 'भाग वाढलाय' हे त्यांनीही ऐकलं. त्यांच्या मनात काय आलं असेल? आपण स्वस्तात तर देत नाही ना! रीसेलच्या घरात विकणारा आणि घेणारा एकाच सोफ्यावर बसलेले असतात आणि तुझ्या एका वाक्याचे दोन उलटे अर्थ घेऊन उठतात. म्हणून अशा घरी भाग, रस्ता, भाव, बांधकामाचा दर्जा यांबद्दल चांगलं किंवा वाईट काहीच बोलायचं नाही. 'इथे पाण्याचा त्रास असेल ना?' हेसुद्धा मत म्हणून ऐकलं जातं. 'पाणी किती वेळ येतं?' असं विचारलंस की तो साधा प्रश्न राहतो.

मग मोकळेपणा कुठे ठेवायचा? तुळस छान वाढलीय म्हण. भिंतीवर लेकरानं काढलेल्या चित्राचं कौतुक कर. आजींना गुडघ्यांचं विचार. याचा किमतीशी संबंध नाही आणि हे बोलल्यानं तुझ्या स्वातंत्र्याला काही होत नाही. मला तर वाटतं, कुणाच्याही घरात चप्पल काढून आत गेल्यावर एवढं बोलणं आपण त्या घराला देणं लागतो. बँक तुझी ग्राहक आहे, फी तिच्यामार्फत येते, अहवाल तिला जातो, हे सगळं खरं. पण दार उघडलं ते या माणसांनी.

सगळ्यात महत्त्वाचं काम पहिल्या दोन मिनिटांत होतं, आणि नेमकं तेच बहुतेक जण टाळतात. आत गेल्यावर टेप काढायच्या आधी उभ्याउभ्याच सांग: 'नमस्कार, मी अमुक. बँकेनं ज्या व्हॅल्युअरला काम दिलंय त्यांच्या ऑफिसातून आलेय. मी मापं घेईन, फोटो काढीन, काही प्रश्न विचारीन. मूल्य मी ठरवत नाही आणि इथे मला त्याबद्दल काही बोलता येत नाही. अहवाल थेट बँकेला जातो. आणि एक गोष्ट, घराबद्दल तुम्ही मला जे सांगाल त्यातलं मालमत्तेशी संबंधित असेल ते मला लिहावं लागतं.'

हे शेवटचं वाक्य बोलायला जड जातं. वाटतं की असं म्हटल्यावर लोक गप्प होतील. काही होतातही. तरी ते गाळू नकोस. गोड बोलून माणसाला मोकळं करायचं आणि त्याच्या तोंडून निघालेलं गुपचूप अहवालात उतरवायचं, हा मला घोर अन्याय वाटतो. आधी सांगितलंस की तुझ्या गोड बोलण्यात फसवणूक उरत नाही. मग हसतखेळत काम कर, कुणी बोट दाखवू शकणार नाही.

एक उदाहरण घे, तुला असं रोज भेटेल. ग्रामपंचायत हद्दीतलं दुमजली घर, नमुना आठच्या म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीच्या उताऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचं नाव. चहा पिता पिता वहिनी सांगतात, 'वरच्या मजल्यावर दीर राहतात, त्यांचं म्हणणं निम्मं घर त्यांचं, गेल्या वर्षीपासून बोलणंच बंद आहे.' घरात प्रत्यक्ष ताबा कुणाचा आहे ही अहवालातली महत्त्वाची नोंद असते आणि तू ती लपवू शकत नाहीस. पण तिथल्या तिथे वहिनींना सांगू तर शकतेस: 'वहिनी, वर कोण राहतं आणि त्यांचं काय म्हणणं आहे, हे मला लिहावं लागेल. कागदपत्रं काही असतील तर आत्ताच दाखवा, म्हणजे तुमची बाजूही नोंदवता येईल.' त्यांचं भावंडांचं भांडण, सासूनं काय केलं, दिराचं व्यसन, हे मात्र तुझ्या कानातच राहू दे. ते ऑफिसात रंगवून सांगायचं नाही, घरी जाऊनसुद्धा नाही.

आता 'मॅडम, किती होईल हो?' या प्रश्नाचं. हा प्रश्न चुकत नाही. 'मला माहीत नाही' असं म्हणू नकोस. लोकांना ते खोटं वाटतं, कारण त्यांना वाटतं तुला नक्की माहीत आहे. 'मला सांगता येत नाही, आणि खरं म्हणजे आज आकडा तयारही नाही' असं म्हण. ते शब्दशः खरं आहे. आसपासचे झालेले व्यवहार, त्या भागाचे सरकारी बाजारमूल्य दर म्हणजे आपलं रेडी रेकनर, बांधकामाचं वय, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, हे सगळं ऑफिसात समोर ठेवून सर ठरवणार. तू अंदाज सांगितलास आणि तो चुकला तर घरचे दुखावतात. बरोबर आला तर पुढच्या वेळी एजंट तुझ्याकडूनच आधी आकडा मागतो. दुसरं जास्त वाईट.

पण आकडा सांगायचा नाही म्हणजे काहीच समजावायचं नाही, असं नव्हे. इथे तू लोकांच्या खूप उपयोगी पडू शकतेस. बहुतेकांना वाटतं की मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंगवर ८ लाख घातले म्हणजे घराचं मूल्य ८ लाखांनी वाढलं. गृहकर्जाच्या मूल्यांकनात असा खर्च सहसा रुपयाला रुपया धरला जात नाही, हे तू सर्वसाधारण माहिती म्हणून सांगू शकतेस. बिल्डरनं ९५० फूट म्हणून विकलं आणि तुझ्या मापात ६८० येतात, तेव्हा घरमालकाचा चेहरा पडतो. त्याला समजावून सांग की २०१६ च्या रेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्यातली चटई क्षेत्राची व्याख्या आतल्या वापराच्या जागेची आहे. आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा चढवून सुपर बिल्टअपचा मोठा आकडा तयार होतो. टेप दोघांनी मिळून धरली तर आणखी बरं. आपल्या हातानं मोजलेल्या मापाबद्दल माणूस सहसा भांडत नाही. तसंच गच्चीवरची पत्र्याची शेड नकाशात नसेल तर तिथेच सांग, 'हे मंजूर नकाशात दिसत नाही, मी तसं नोंदवतेय.' त्याचा मूल्यावर काय परिणाम होईल ते बोलू नकोस. वस्तुस्थिती तोंडावर सांगितलेली बरी, नंतर अहवालातून कळली की विश्वासघात वाटतो.

चहाचं सांगते. चहा, पाणी, सरबत, उन्हात आलीस म्हणून पुढे केलेला गुळाचा खडा, हे खुशाल घे. तिथे बसून संपतं ते चालेल, पिशवीत घालून बाहेर न्यावं लागतं ते नको, एवढी खूणगाठ बांध. मग परसातले आंबे, दिवाळीचा मिठाईचा बॉक्स, 'पेट्रोलला असू द्या' म्हणत सरकवलेलं पाकीट, सगळ्याचा निकाल एकदमच लागतो. कंपनी कायद्याखाली २०१७ मध्ये नोंदणीकृत मूल्यांकनकारांचे नियम आले, त्यांना आचारसंहिता जोडलेली आहे. स्वातंत्र्याला बाधा येईल अशी भेटवस्तू किंवा पाहुणचार मूल्यांकनकारानं आणि त्याच्या नातेवाइकांनीही घेऊ नये, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. कामाच्या निकालावर अवलंबून असलेली फी घेऊ नये, ग्राहकाच्या सोयीचं मूल्य काढून देऊ नये, हेही आहे. काटेकोरपणे पाहिलं तर ते नियम कंपनी कायद्याखालच्या मूल्यांकनासाठी आहेत आणि बँकेच्या पॅनेलच्या म्हणजे तिच्या यादीवरच्या व्हॅल्युअरसाठीच्या अटी वेगळ्या असतात. तरी ती आचारसंहिता एकदा छापून घे आणि सरांसमोर बसून वाच. तिच्यात कुठेही 'चहा पिऊ नका' असं नाही.

आपल्याकडे बाईमाणूस म्हणून एक पेच जास्तीचा असतो. निघताना आजी हळदीकुंकू लावतात आणि ओटी भरायला नारळ, खण घेऊन येतात. नको म्हटलं तर त्यांना अशुभ वाटतं. हळदीकुंकू लावून घे. ओटीत चिमूटभर तांदूळ घे, आणि 'आजी, नारळ देवापुढे ठेवा, कामाच्या घरून मला काही नेता येत नाही' म्हणून वाकून नमस्कार कर. आजींचा मान राहतो आणि तुझा हातही रिकामा राहतो.

फोटोंबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, पण 'झडती' हा शब्द आजींच्या मनात तिथूनच आला असावा असा माझा कयास आहे. प्रत्येक खोलीच्या दारात थांबून 'इथला एक फोटो घेऊ का?' असं विचार. घरच्या माणसाला पुढे जाऊ दे, तू मागून जा. झोपलेलं माणूस, देवघर, उघडं कपाट, दांडीवरचे कपडे, मुलांचे चेहरे फ्रेममध्ये येऊ देऊ नकोस. न्हाणीघर दाखवायला घरच्या बाईला दोन मिनिटं आवरायला दे. काढलेला फोटो तिला दाखव, हवा तर पुन्हा काढ. यात पाच मिनिटं जास्त जातील. कपाटं सरकवायची झाली तर ती त्यांनाच सरकवू दे. आणि तुझ्या बाजूनेही, घरात एकटा पुरुष असेल आणि तुला ठीक वाटत नसेल तर आत जाऊ नकोस. जिन्यातूनच सरांना फोन करून सोबत माणूस माग. मोकळं वागणं ही तुझी निवड आहे, ते कुणी तुझ्यावर लादू शकत नाही.

गृहकर्जाच्या व्हिजिटपुरतं हे झालं. पण सगळ्या व्हिजिट सारख्या नसतात आणि सगळीकडे एकच चेहरा घेऊन जाता येत नाही. सगळ्यात अवघड असते ती वसुलीची. थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली घर विकायच्या आधी बँकेला मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून मूल्य घेऊन राखीव किंमत ठरवावी लागते. पुष्कळदा ताबा फक्त कागदावर घेतलेला असतो आणि कुटुंब त्याच घरात राहत असतं. तिथे तुळशीचं कौतुक करू नकोस. त्या क्षणी ते जखमेवर मीठ वाटतं. आवाज खाली ठेव, काम नेटकं आणि लवकर कर, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं 'बँक', 'लिलाव' काही बोलू नकोस. शेजाऱ्यांकडे चौकशी करावी लागली तर कारण सांगू नकोस. 'होईल सगळं नीट' असं तर मुळीच म्हणू नकोस, कारण ते तुझ्या हातात नाही. घरातलं कुणी विचारलंच की आता काय करू, तर बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला भेटा आणि वकिलाकडे उशीर करू नका, एवढं सांग. कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जायला बँकेच्या कारवाईपासून ४५ दिवसांची मुदत असते आणि पुष्कळ लोक ती कळायच्या आत घालवून बसतात. वकिलाकडे जा म्हणण्यानं तू कुणाची बाजू घेत नाहीस. तिथे पाणी दिलं तर पी. ज्यांचं घर जातंय त्यांनी दिलेलं पाणी नाकारण्याइतकं परकं होऊ नये.

याच्या उलट बाजूला आयकरासाठीचं मूल्यांकन असतं. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेलं घर कुणी विकतं, तेव्हा भांडवली नफा काढताना खरेदीच्या किमतीऐवजी त्या तारखेचं मूल्य धरता येतं. तिथे घरमालकच तुमचा ग्राहक, तोच फी देतो, नफा आणि कर कमी दिसावा म्हणून त्याला आकडा जास्त हवा असतो, आणि ओळख सरांच्या मित्राची निघते. माझ्या मते अशा ठिकाणीच जास्त जपायला हवं. गोड माणसांना नाही म्हणणं कठीण. जमीन आणि इमारतीसाठी त्या तारखेचं मुद्रांक मूल्य, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरलेलं सरकारी मूल्य, उपलब्ध असेल तर त्यापेक्षा जास्त धरता येत नाही, अशी मर्यादा २०२० च्या वित्त कायद्यानं घातली आहे. ती त्यांना हसून सांग आणि चहाचा दुसरा कप घे.

कर्ज एजंट सोबत आला तर त्याच्याशी नमस्कार-चमत्कारापलीकडे जाऊ नकोस. तोच घरच्यांच्या कानात सांगत असतो की मॅडमना खूश ठेवा. त्याच्या गाडीवरून साइटला जाऊ नकोस. रिक्षा कर आणि पावती ऑफिसला दे. घरच्यांना स्वतःचा नंबर देऊ नकोस, ऑफिसचा दे. त्या दादांचा फोन थेट तुला आला म्हणजे तुझा नंबर त्यांच्याकडे होता, आणि ही व्यवस्था तुझ्या ऑफिसनं बदलायला हवी.

राहता राहिले ते दादा. त्यांना आपणहून फोन करू नकोस. समजावायला गेलीस तर ५४ लाख कसे आले हे सांगावं लागेल आणि ते सांगायचा अधिकार तुला नाही. त्यांचा फोन पुन्हा आलाच तर मधे न तोडता ऐकून घे. 'तुमची अडचण मला कळते. अहवालाबद्दल तुम्ही शाखेत लेखी विचारा, मापात किंवा कागदपत्रांत काही चूक वाटत असेल तर तीही लिहा, बँक आमच्याकडे खुलासा मागू शकते' एवढं म्हण. हा खरा मार्ग आहे आणि लोकांना तो माहीत नसतो. अमेरिकेत कर्जदाराला मूल्यांकनाची प्रत देणं कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक आहे. आपल्याकडे फी भरूनही ती पुष्कळांच्या हाती पडत नाही, मग सगळा राग दारात आलेल्या इंजिनिअरवर निघतो.

आणि आजच एक पानभर टिपण लिही: त्या दिवशी कोण कोण हजर होतं, तू काय म्हणालीस, कुठली मापं घेतलीस, फोन कधी आला. तारीख घालून सरांना दे. देतानाच त्यांना विचार की पहिल्या दोन मिनिटांत सांगायचा मजकूर ऑफिसनं सगळ्यांसाठी छापून द्यावा का. मला वाटतं ते हो म्हणतील. चहाचा विषय त्यानंतर काढ.